साधा ताप

सकाळी चहा घेऊन गेले तर आत्या खाटेवर नव्हत्या. न्हाणीत नव्हत्या, मागच्या दारी नव्हत्या. शेवटी सापडल्या त्या स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसलेल्या. अंगावर दोन चादरी, वरून श्रीकांतचा जुना स्वेटर, आणि तरी अंग थडथड उडत होतं.

"इथं का बसलाय?" मी विचारलं.

"खाटेवर राहवंना. हाडं आतनं कुणीतरी पिळतंय बघ."

मी कपाळाला हात लावला. चांगलंच भाजलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्या सांगलीकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, वर्षभर बरं गेलं आणि मग कंबर दुखायला लागली. आधी आम्ही ते वयाचं दुखणं समजलो. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की आजार कमरेच्या हाडांत आणि मणक्यांत उतरलाय. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि सांगितलं, हाडं ठिसूळ होऊन मोडू नयेत म्हणून महिन्याला एक सलाईन द्यावं लागेल. त्याआधी रक्त तपासलं, मूत्रपिंडं नीट आहेत का बघितलं, आणि दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कारण हे सलाईन सुरू असताना दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड कधी कधी भरून येत नाही म्हणे. आत्यांच्या दोन दाढा किडलेल्या होत्या. त्या काढल्या, हिरड्या भरेपर्यंत थांबलो. आत्या रोज कुरकुर करायच्या, "दुखतीया माझी कंबर आणि डॉक्टर बसलाय दात मोजत."

आदल्या दिवशी ते पहिलं सलाईन झालं होतं. बाटली लहानशी, चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात संपली. "एवढंच?" म्हणून आत्यांनी विचारलंसुद्धा. नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, उद्या ताप येईल, अंग मोडून येईल, पहिल्या वेळी बऱ्याच जणांना येतो. पाणी भरपूर द्या, तापाची गोळी द्या, कॅल्शियम चुकवू नका. एक-दोन दिवसांत आपोआप जातं.

त्यामुळे कपाळ भाजलं तरी मी घाबरले नाही.

"साधा ताप आहे आत्या," मी म्हटलं. "त्या सलाईनचा. सांगितलं होतं त्यांनी."

मी त्यांना धरून उठवलं, खाटेवर आणलं, गोळी दिली.

पण त्या खाटेवर टिकेनात. निजव म्हणायच्या, निजवलं की बसव. बसवलं की खाली फरशीवर घे, गार वाटंल. फरशीवर घेतलं की थंडी वाजायची, मग पुन्हा चादरी. मांड्या चेपायला लावायच्या आणि हात लावला की ओरडायच्या. मी भाजी चिरायला बसले, दोन भेंड्या चिरून उठले. पुन्हा बसले, पुन्हा हाक. श्रीकांत, माझा नवरा, दूध संघाचा टँकर चालवायचा. तो त्या दिवशी मुंबईच्या वाटेवर होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या सकाळशिवाय काही पोचत नाही, तू दवाखान्यात विचार.

दवाखान्यात विचारलं. तिकडून प्रश्नांवर प्रश्न आले. खोकला आहे का, लघवीला जळजळ, सुई टोचली तिथं लालसर, दम लागतोय का? सगळ्याला मी नाही म्हटलं.

"मग औषधाचाच ताप असणार," नर्सबाई म्हणाल्या. "पण उद्यापर्यंत उतरला नाही, दम लागला, असंबद्ध बोलायला लागल्या, तर वाट बघू नका. लगेच घेऊन या."

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात त्यांचं बाकी सगळं विरलं आणि ते 'पण' तेवढं राहिलं. मी उगीचच आत्यांशी चार वाक्यं बोलून बघितली, नीट उत्तर देतात का ते पाहायला. त्यांनी ओळखलं.

"भ्रमले न्हाई मी. हाडं दुखत्यात, डोकं न्हवं."

दुपार व्हायच्या आधी त्या एकदम गप्प झाल्या. जीभ ओठांवरून फिरवत होत्या. मग बोटं उघडझाप करून बघायला लागल्या.

"ओठाला मुंग्या आल्यात," त्या म्हणाल्या. "बोटांना पण."

मी पुन्हा फोन लावला. या वेळी डॉक्टर स्वतःच बोलले. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत ना, म्हणून त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. महिनाभर रोज जेवणानंतर मी स्वतः त्यांच्या हातात गोळी देत होते. खाटेवरून आत्यांचा आवाज आला, "न्हाई घेतल्या."

"काय?"

"खडूसारख्या हायेत. घशात अडकत्यात. तुळशीत पुरल्या."

मला तेव्हा राग यायलाही फुरसत नव्हती. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता गोळी कुटून दुधातून द्या, उद्या सकाळी रक्त तपासायला आणा, आणि हाताला पेटके यायला लागले तर उद्याची वाट न बघता निघा. मी खलबत्त्यात गोळी कुटली, दुधात घातली, त्यांच्यापुढे उभी राहून पाजली. प्यायल्या. वाटी परत देताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"अलका, मी जाणार."

"कुठं जाणार? साधा ताप आहे."

"मालक गेले तेव्हा त्यांच्या पण हाताला मुंग्या आल्या होत्या."

"त्यांचं वेगळं होतं. तुम्ही कॅल्शियम घेतलं नाही म्हणून आल्यात."

"निवृत्तीला कळव."

हे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती माझी. आत्यांना एक धाकटा भाऊ आहे, जतच्या पुढं बिरोळीत त्याची पिठाची गिरणी आहे, एवढं मला श्रीकांतकडून कळलं होतं. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांची आई त्या भावाकडे वारली. आत्यांना निरोप मिळून त्या पोचल्या तोवर माणसं स्मशानातून परत आली होती. अंगणातच उभं राहून आत्या भावाला म्हणाल्या होत्या, "मला आईचं तोंड बघू दिलं न्हाईस. माझं बघायला येऊ नकोस." आणि आल्या पावली परत फिरल्या. तेव्हापासून येणंजाणं बंद. मामा आमच्या लग्नाला आले नाहीत. दर भाऊबीजेला आत्या परसदारी जाऊन चंद्राला ओवाळायच्या, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशा. कॅन्सर निघाला तेव्हा श्रीकांतनं भीत भीत विचारलं होतं, मामांना कळवू का? आत्या म्हणाल्या होत्या, माझा शब्द अजून तोच हाय.

आणि आता म्हणत होत्या, कळव.

"उद्या बघू," मी म्हटलं. "ताप उतरू दे. मग तुम्हीच बोला त्यांच्याशी."

"उद्याचं कुणी बघितलंय? लाव फोन."

"नंबर कुठाय?"

त्यांनी डोळे मिटूनच नंबर सांगितला, शाळेतली पोरं पाढा म्हणतात तसा. मी मोबाईलवर दाबायला लागले तर म्हणाल्या, "थांब. आधी दोन लावावा लागतोय आता."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळ्या तारेच्या फोनच्या आकड्यांपुढं तो दोन लागला, त्याला फार वर्षं झाली नव्हती. भावाशी बोलणं तुटल्यावर कितीतरी काळानं तो लागला होता. आत्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मी फोन घेऊन अंगणात आले. पण लगेच लावला नाही. फाटकापासून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. साठीला आलेला माणूस, मी त्याला कधी बघितलेलं नाही. सांगलीला गाडी बदलून यायचं म्हणजे चार तास कुठं गेले नाहीत. आणि कशासाठी, तर उद्या उतरणाऱ्या तापासाठी. तो येईपर्यंत आत्यांना बरं वाटलं तर त्या त्याला दारातून हाकलतील, आणि तू कशाला बोलावलंस म्हणून वर माझ्यावर उखडतील. दुसरीकडे ते नर्सबाईंचं 'पण' होतंच. मी आत जाऊन ताप बघावा म्हटलं, तो तसाच. परत बाहेर आले. संध्याकाळपर्यंत थांबावं, असं जवळजवळ ठरवलंच होतं मी. श्रीकांत येईल, तोच ठरवील.

आतून हाक आली, "लावलास का?"

मी लावला.

पलीकडं गिरणीचा घरघराट होता. एक पुरुषाचा आवाज ओरडून विचारत होता, कोण बोलतंय? मीही ओरडूनच सांगितलं, पलूसहून अलका, हौसाबाईंची सून. थोडा वेळ नुसतीच घरघर ऐकू आली. मग गिरणी बंद झाली.

"आक्का हाय न्हवं?" तो आवाज आता हळू झाला होता.

"आहेत. ताप आलाय. तुम्हाला बोलवायला सांगितलंय त्यांनी."

डॉक्टर म्हणालेत तसं काळजीचं कारण नाही, हे मी सांगणार होते. फोन ठेवल्याचा आवाज आला.

आत गेले. आत्यांनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही, फोन ठेवला. "ठेवला?" म्हणाल्या, आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

मला ते बघवेना. तासाभरानं मी पुन्हा बिरोळीला फोन लावला. या वेळी बाईमाणूस होतं, मामी असणार. तिचा आवाज रडवेला होता. म्हणाली, दळण तसंच टाकून गेलेत, कपडेसुद्धा बदलले नाहीत, आक्कांचं कसं आहे? मी सांगितलं, ताप आहे, गोळी दिलीय. ती म्हणाली, त्यांना काही कळवायचं झालं तर मोबाईल नाही हो त्यांच्याकडं.

आत्यांना हे सांगितलं. चादरीतून नुसतं एवढंच आलं, "पिठाच्या अंगानं येतोय व्हय."

ऊन कलायला लागलं तेव्हा आत्यांना घाम फुटला. तापाची दुसरी गोळी देऊन बराच वेळ झाला होता. साडी, चादर, उशी, सगळं भिजलं. मी अंग पुसलं, कोरडी साडी नेसवली, थर्मामीटर लावला. ताप जवळजवळ उतरला होता. ओठाच्या मुंग्याही कमी झाल्या होत्या. कंबर दुखतच होती, पण ती पूर्वीसारखी, आपल्या ओळखीची. आत्या भिंतीला टेकून बसल्या, चहा मागितला, चहाबरोबर बटर मागितलं. ते बुडवून खाताना बघून मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच खाली बसले.

चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांनी दाराकडं बघितलं.

"त्याला फोन करून सांग, येऊ नको म्हणून."

"ते वाटेत आहेत आत्या. फोन नाही त्यांच्याकडं."

"मग दार लावून घे."

मघापासून जी भीती होती ती खरी होतेय असं वाटलं. आत्या उठल्या, भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेल्या, बाहेर डोकावल्या, परत आल्या. बसल्या.

"मी मरतीय का आता?"

"नाही."

"मग तो कशाला येतोय?"

त्यांनी केस सोडले, विंचरायला लागले, अर्ध्यातच फणी ठेवली. विचारलं, भात किती टाकतीस? मी म्हटलं, आपल्यापुरता. म्हणाल्या, वाढव जरा. मी तांदूळ मोजायला गेले तर मागून म्हणाल्या, "राहू दे. तो माझ्या घरात जेवत न्हाई." पुन्हा काही वेळानं, "वाढव म्हटलं न्हवं तुला?" खाटेवर आडव्या झाल्या, चादर ओढली, उकडलं म्हणून फेकली, उठून बसल्या. मी फाटकापाशी जाऊन रस्ता बघितला, आत आले, भाताखालचा गॅस बारीक केला, परत फाटकापाशी. सांगलीकडच्या गाड्या स्टँडवर येतात तिथून आमचं घर पाच मिनिटांवर. प्रत्येक गाडीचा हॉर्न मला आमच्याच दारात वाजल्यासारखा वाटायचा.

दिवेलागण व्हायच्या बेतात होती. शेजारच्या घराच्या कुंपणापाशी एक माणूस थांबलेला दिसला. धोतर, वर मळका शर्ट, खांद्यावर पंचा, हातात काहीच नाही. तो आमच्या घराकडं बघत होता, पण पुढं येत नव्हता. दारातल्या चपलांकडं, ओसरीकडं, मग रस्त्यावर इकडं तिकडं. मला कळेना, एवढं काय बघतोय. मी बाहेर गेले.

"मामा का?"

जवळून बघितलं तर भुवयांत आणि कानांवरच्या केसांत पीठ तसंच होतं. एवढ्या वाऱ्यातून गाडीनं येऊनही उडालं नव्हतं.

"झालं का सगळं?" त्यांनी विचारलं.

"काय सगळं?" मी म्हटलं, आणि मग कळलं. ते चपला बघत होते. किती माणसं जमलीत ते बघत होते.

"बसल्यात आत," मी घाईनं म्हटलं. "चहा प्यायल्या आत्ताच. ताप उतरलाय."

मामा फाटकाच्या पायरीवरच बसले. पंचा तोंडावर धरला. खांदे हलत होते, पण आवाज अजिबात नव्हता. मी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या शेजारी ठेवला आणि बाजूला झाले.

आतून आत्या म्हणाल्या, "कोण हाय गं?"

"मामा आलेत."

मामा पाणी प्यायले, उठले, दारापर्यंत आले. उंबऱ्याच्या बाहेरच थांबून त्यांनी चौकटीला हात लावला.

"आक्का, येऊ का आत?"

आत्या खाटेवर होत्या, पण तोंड भिंतीकडं करून. तेवढ्यातल्या तेवढ्यात त्या वळून बसल्या होत्या.

"ये," त्या भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाल्या. "पण मी काय मरत न्हाई. सांगून ठेवते. ताप उतरला माझा."

"बरं झालं की."

मामा आत येऊन दाराजवळच खाली बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात. चहा उकळत होता. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. मला वाटत होतं, एक तर आत्या आता त्यांना जा म्हणतील, नाहीतर ते आपण होऊन उठतील.

"मला का कळवलं न्हाईस?" आत्या म्हणाल्या.

भिंतीकडं बघतच विचारलं. आवाजात राग नव्हता. हा प्रश्न त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचारला नव्हता, हे मला नंतर कळलं. त्यांनी फक्त निकाल सांगितला होता.

मामांनी पंचाची घडी घातली, मोडली.

"आईला ताप आला होता," ते म्हणाले. "डॉक्टर आला, सुई दिली. म्हणला, साधा ताप हाय, दोन दिवसात उतरंल. मी म्हटलं, कशाला आक्काला हेलपाटा. दाजी तवा अंथरुणाला होते, तू त्यांचं करायचीस का इकडं पळायचीस. उतरला की सांगू. तिसऱ्या दिवशी पहाटं तिनं पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आलो तर..."

त्यांनी पंचाचं टोक डोळ्यांना लावलं.

"लगेच माणूस धाडला तुझ्याकडं. ऊन कसलं होतं तुला ठावं हाय. गाव थांबंना. मी दुपारपर्यंत धरून ठेवलं आक्का. दुपारपर्यंत कुणाला हात लावू दिला न्हाई."

"हे तवा का सांगितलं न्हाईस?"

"तू थांबलीस कुठं? अंगणातनंच फिरलीस."

आत्यांनी चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आणि सांगून तरी काय," मामा म्हणाले. "तुला बघायला मिळालं न्हाई ते न्हाईच की."

आत्या हळूहळू वळल्या. त्यांना वळायला त्रास व्हायचा, आधी एक हात टेकायच्या, मग कंबर, मग पाय. मी धरायला पुढं झाले तर हातानंच नको म्हणाल्या. वळल्या आणि त्यांनी भावाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"ही पण सकाळधरनं तेच म्हणतीया," त्या म्हणाल्या. "साधा ताप हाय, साधा ताप हाय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मला मान वर करता येईना. तुळशीपाशी फेऱ्या मारत मी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, ते त्या दोघांनाही माहीत नव्हतं. आत्यांची हाक आली नसती तर मी थांबलेच असते. नशिबानं ताप उतरला. मामांच्या वेळी तो उतरला नाही. आम्हा दोघांत फरक एवढाच होता.

आत्या आता भावाकडं बघत होत्या. पार जवळून काही वाचावं तसं बघत होत्या.

"म्हातारा झालास की रं," त्या म्हणाल्या. "भुवया धू. पीठ हाय."

मामांनी पंचानं तोंड पुसलं. पीठ तसंच राहिलं. ते पीठ नव्हतं, त्यांच्या भुवयाच पांढऱ्या झाल्या होत्या. आत्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

"चहा दे गं त्याला," पदरातूनच म्हणाल्या. "उतू चाललाय."

मामा त्या दिवशी राहिले. दुसऱ्या दिवशी श्रीकांत आला, आणि आम्ही सगळेच आत्यांना घेऊन मिरजेला गेलो. कॅल्शियम कमी भरलं होतं. डॉक्टरांनी तुळशीची गोष्ट ऐकून आत्यांना चांगलंच सुनावलं. असं केलंत तर पुढचं सलाईन देता येणार नाही, म्हणाले. आत्या लहान पोरीसारख्या खाली मान घालून बसल्या होत्या. मामांनी विचारून घेतलं, गोळी दळून दिली तर चालते का? डॉक्टर हसले, म्हणाले, हो, चालेल. घरी आल्यावर मामांनी खलबत्ता पुढ्यात घेतला आणि आठवड्याच्या गोळ्या एकदम कुटायला बसले. मी म्हटलं, रोजची रोज कुटलेली बरी. तर म्हणाले, रोज मी कुठं असणार इथं? आत्या म्हणाल्या, गिरणी काय पळून जाणार हाय?

आत्या त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं होत्या. सलाईन महिन्याला चाललं, मग तीन महिन्यांनी. मध्ये एकदा हिरडी सुजली तेव्हा त्यांनी दात काढायला परस्पर कुणाकडे जाऊ नये म्हणून मामा बिरोळीहून दिवसातून तीनदा फोन करत होते. शेवटच्या दुखण्यात मामा आधीच येऊन राहिले होते, आणि त्या वेळी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पण मला त्या सगळ्यापेक्षा दुसऱ्या सलाईनचा दिवस जास्त आठवतो.

मामा आदल्या दिवशीच आले होते. येताना घोंगडं, लिंबं, तापाच्या गोळ्यांची दोन पाकिटं, आणि मामीनं दिलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी. सलाईन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मामा खाटेशेजारी खाली बसून होते. घोंगडं मांडीवर तयार. थोड्या थोड्या वेळानं आत्यांच्या कपाळाला हात लावायचे. "आला का?" मी विचारायची. "अजून न्हाई," म्हणायचे. आत्याही वाट बघितल्यासारख्या बसून होत्या. मध्येच मांड्या चाचपायच्या, दुखत्यात का बघायला.

ताप येईना. तोवर करायचं काय, म्हणून दोघं बोलत राहिले. आई कुणाला जास्त मारायची, यावरून वाद झाला. विहीर आटली ते साल कुठलं, यावरून तर इतका झाला की मी आतून डोकावले. मामा म्हणायचे, मी तिसरीत होतो. आत्या म्हणायच्या, तुला तवा चड्डी घालता येत नव्हती. दुपारी जेवण झालं, दोघं थोडे पेंगले, उठून पुन्हा तेच. मी मात्र दिवसभर आतबाहेर करत होते. थर्मामीटर लावून बघायची, काही नाही म्हणून झटकून ठेवायची, परत लावायची. मामा चिडले एकदा, म्हणाले, पोरी, तू बस की जरा.

ऊन उतरलं. मामांची गाडी होती. त्यांनी शेवटचा कपाळाला हात लावला, घोंगड्याची घडी घातली आणि उठले.

"आलाच न्हाई," आत्या म्हणाल्या.

"न्हाई."

"उगीच हेलपाटा झाला तुला."

"झाला की."

मामा चपला घालत होते. आत्यांनी खाटेवरूनच मान बाहेर काढून त्यांच्याकडं बघितलं.

"पुढच्या महिन्यात येईल एखाद्या वेळी," त्या म्हणाल्या.

"मग पुढच्या महिन्यात येतो," मामा म्हणाले, आणि घोंगडं आमच्याकडंच ठेवून गेले.